येसकराचा डावा डोळा

पोळ्याला आठवडा उरला होता तेव्हा सुकेशनी वाचनालयाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मले ही खोली पायजे. दुपारच्या वक्ताले, थोडे दिवस."

मी हो म्हणालो. समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. हो म्हणून झालं की मग भीती वाटायला लागते. तशी ती तेव्हाही वाटली, पण कशाची ते तिचं पुढचं वाक्य ऐकल्यावर कळलं.

"येसकराचे फोटो काढाचे हायेत."

आमचं बोरदरी हे गाव रिठदच्या रस्त्यावरून आत आहे. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, दोन कपाटं आणि एक लांब टेबल. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिची किल्ली माझ्याकडे आहे, म्हणजे पंचायतीनं अजून परत मागितलेली नाही इतकंच. मारोतीच्या पारावरून शिवेकडे जाणारा रस्ता जिथं वळतो, नेमकी तिथं ही खोली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, येसकर याच वळणावरून जातो.

येसकर म्हणजे पूर्वी गावाची वेस राखणारा महार. आता वेस नाही, येसकरही नाही. सोंग आहे. करीच्या सकाळी शेतकऱ्यांच्या घरातला एखादा तरणा माणूस काजळी तेलात कालवून तोंडाला आणि हातापायांना फासतो, अंगावर फाटकी घोंगडी घेतो, गळ्यात मडकं अडकवतो आणि दारोदार घोगऱ्या आवाजात 'जोहार' म्हणत फिरतो. जोहार हा महारानं पाटलाला करायचा नमस्कार होता. आजच्या पोरांना तो नुसता गमतीचा शब्द वाटतो. बाया त्याच्यावर राख आणि शिळी भाकर टाकतात. मागून लोक ओरडतात, "जा रे काया येसकरा, रोगराई घेऊन जा," आणि हाकलत हाकलत त्याला शिवेपार नेतात. एक नियम मात्र कडक आहे. येसकरानं मान उजवीकडे मोडून आणि डावा डोळा झाकून चालायचं. शिवेच्या आत तो डोळा उघडला तर पीडा गावातच राहते असं मानतात.

भीमनगरातली बौद्ध मंडळी त्या दिवशी वावरात जातात, नाहीतर रिसोडला. मागे एकदा त्यांच्यातल्या कोणी तक्रारीची गोष्ट काढली होती. पारावरून उत्तर आलं की आम्ही कोणाचं नाव घेतो काय. तो राक्षस आहे, पूर्वापार चालत आलं आहे. त्यावर पुढे कोणी बोललं नाही.

सुकेशनी भीमनगरातली. रिसोडच्या एका फोटो स्टुडिओत कामाला आहे, जीपनं जाऊन येऊन करते. तिचा आजा पुंजाजी माझा रोजचा वाचक. तो सकाळी येतो, टेबलाच्या खालच्या टोकाला बसतो आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. वीसेक वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याला गडद काचांचा चष्मा लागला, तो त्यानं पुढे काढलाच नाही; त्याआधी डोक्याचा शेला डोळ्यावर ओढलेला असायचा. आम्ही दोघंही कमी बोलणारे. सुकेशनी हे सगळं सांगत होती तेव्हाही तो तिथं पेपर घेऊन बसला होता.

"पण येसकराचेच का?" मी विचारलं.

"त्याले कोनी पाह्यत नाही, सर. सारे वरडतेत, धावतेत, मोबाईल वर धरतेत. मले तो मानूस एकटा बसवून पाहाचा हाये. पाठीमागं काळं कापड, उत्तरेच्या खिडकीचा उजेड, बस. हसाचं नाही, नाचाचं नाही." मग ती जरा थांबली. "अन् मंग त्याच स्टुलावर आमच्या भीमनगरातली मानसं बसवाची. धुतल्या तोंडाची. दोन्ही बाजूबाजूनं लावाचे."

"कुठं?"

"इथं. करीच्या दिवशी."

मी लगेच बोलू लागलो. घाबरलो की मी पुस्तकातलं बोलतो. मी तिला सांगितलं की एका डोळ्याची आकृती फार जुनी आहे. शुक्राचार्य एकाक्ष, कावळा एकाक्ष. मिटलेला डावा डोळा हे अशुभाला बांधून ठेवण्याचं चिन्ह असणार. आमचा येसकर त्याच कुळीतला असावा. या विषयावर मी थोडंफार टिपणही करून ठेवलं होतं, तेही मी तिला सांगून टाकलं.

पुंजाजीनं पेपरचं पान उलटलं.

*

यंदाचा येसकर गणेश होता. तिशीतला, हसरा, सोयाबीनची फवारणी करता करता गाणी म्हणणारा गडी. त्याचा काका हरीओम पंचायतीत आहे. गणेश ठरल्या दुपारी आजीच्या चुलीवरची काजळी वाटीत घेऊन आला. घरोघर गॅस आल्यापासून काजळी फक्त त्या आजीच्या, कस्तुराबाईच्या, पाणी तापवायच्या हंड्याखाली मिळते.

"सुकेशनी, एक नंबर आला पायजे बरं काय फोटो. डीपीले ठेवतो."

"तोंड मीट आधी."

"गोरा करून देशीन ना?" असं म्हणून तो स्वतःच हसला. काजळीच्या तोंडात दात चमकले.

"दिवसभर थेच करते मी," ती स्टूल सरकवत म्हणाली. "पोरीच्या बायोडाटावर निमगोरी लिहिलं अस्ते. मालक म्हनते, फोटो तसा पायजे. लोकाईचे चेहरे धुऊन धुऊन माहा हात दुखते. इथं नाही धुत. बस."

तिनं दार लावून घेतलं. बाहेरचे आवाज बंद झाले. ती गणेशला काही दाखवत नव्हती, समजावत नव्हती. फक्त म्हणाली की तू येसकर आहेस, आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही. गणेशनं घोंगडी ओढली, मान उजवीकडे टाकली, डावा डोळा अर्धा खाली आणला. पूर्ण मिटला नाही. पापणी लोंबल्यासारखी खाली आली आणि खालून डोळ्याची पांढरी रेघ दिसत राहिली. ओठाचं एक टोकही खाली आलं. त्याला हे कोणी शिकवलं असं मी विचारलं, तर न हलता पुटपुटला, "हरीओमकाका असाच करे. त्याले मोठ्या काकानं शिकोलं."

ती बराच वेळ काहीच करत नव्हती. गणेशच्या तोंडावरची गंमत हळूहळू ओसरली. ओरडणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्याला आपण काय करतो आहोत हे कळेनासं झालं असावं. मग खिडकीतून ढगाळ उजेड आला आणि तिनं फोटो काढला.

जाताना गणेश म्हणाला, "भेव वाटते बे हे असं बसाले," आणि तोंड धुवायला बोअरवेलकडे गेला.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी बसला. तो सदरा इस्त्री करून आला होता. सुकेशनी म्हणाली, "आबा, चष्मा काढा." त्यानं आधी दार लागलं आहे का ते पाहिलं. मग चष्मा काढून त्यानं खिशात ठेवला.

मी खिडकीपाशी काळ्या कापडाचं टोक धरून उभा होतो. माणसांच्या तोंडाकडे नीट पाहायची मला सवय नाही. मला लाज वाटते. रोज समोर बसणाऱ्या पुंजाजीचे हात मला ओळखू येतील, पण चेहऱ्याचं वर्णन कर म्हटलं असतं तर मी चष्म्यापाशीच थांबलो असतो. तेव्हा पाहिलं, कारण दुसरं काही पाहण्यासारखं नव्हतं.

त्याची मान किंचित उजवीकडे कललेली होती. डाव्या डोळ्याची पापणी लोंबत होती आणि खालून पांढरी रेघ दिसत होती.

कापडाचं टोक माझ्या हातून सुटलं. सुकेशनी म्हणाली, "सर, धरा ना." मी धरलं. मला वाटलं, आपण काहीतरी भलतंच पाहतो आहोत. म्हातारपणी पापण्या लोंबतातच. ऑपरेशन बिघडलं असेल. मी गप्प राहायचं ठरवलं, आणि कदाचित राहिलोही असतो. पण तिनं दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले, आणि मग बोलायची गरजच राहिली नाही. एकावर काजळी होती, दुसऱ्यावर नव्हती. एक तिशीचा, एक पंचाहत्तरी उलटलेला. आणि तरीही एकच माणूस दोनदा बसल्यासारखा दिसत होता. ओठाचं खाली आलेलं टोकसुद्धा तेच.

सुकेशनीनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "आबा," ती म्हणाली, "हा तुमचा डोया जलमापासून हाये?"

"हाव. माह्या बापाचाबी असाच होता. सटवाजीचा. त्याच्या बापाचं ठाव नाही."

"तुमाले मालूम होतं?"

पुंजाजीनं चष्मा घातला. बोलायला लागला तेव्हा तो माझ्याकडेच पाहत होता असं मला वाटलं, पण काचांमुळे सांगता येत नाही.

"बाप येसकर होता गावाचा. छप्पन सालानंतर आमच्या वाड्यानं दीक्षा घेतली अन् त्यानं येसकराची काठी पाटलाच्या ओसरीवर नेऊन ठेवली. म्हने, आता जोहार नाही. त्या साली करीले पहिल्यांदा हे सोंग निघालं. आमच्या दारापुढं. बापाची मान, बापाचा डोया, बापाचा आवाज. सारं गाव हसे. बाप दारात उभा होता. आत गेला नाही. म्या त्याचं धोतर धरलं होतं, म्हनून मले मालूम."

"त्याच्या आधी नव्हतं हे?" मी विचारलं.

"कायचं? येसकर जिता असल्यावर त्याचं सोंग कायले लागते, सर?"

मला माझं टिपण आठवलं आणि कानापर्यंत शेक लागला. शुक्राचार्य, कावळा. तो त्या दिवशी सगळं ऐकत बसला होता. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "मला ठाऊक नव्हतं."

"तुमी इचारलं नाही, मी सांगतलं नाही," पुंजाजी म्हणाला. त्यात राग नव्हता.

*

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच प्रश्न होता. हसले तर?

दोन फोटो शेजारी शेजारी लावले आणि लोक हसले, तर पुढे काय? आजवर सोंगाला कोणा एका माणसाचं नाव नव्हतं. उद्यापासून पुंजाजी रस्त्यानं चालला की पोरं मान मोडून मागे चालतील. म्हणतील, खरा येसकर आला. एवढी वर्षं त्यानं तो डोळा चष्म्यामागे ठेवला, पेपरमागे ठेवला, आणि आम्ही तो भिंतीएवढा मोठा करून लावणार होतो. मी हे सुकेशनीला सांगितलं. वाक्यं अर्धवट राहत होती, पण सांगितलं.

तिनंही तोच विचार केला असावा, कारण ती चिडली नाही. "मीबी भेते, सर," ती म्हणाली. "मी तं वेगळंच लावनार होती. काजळीचा येसकर एका बाजूनं, आमची एका बाजूनं. मले वाटलं होतं, लोकाईले फरक दिसन. आता फरकच नाही दिसत. लावले तं हे दोनच."

"मग नको लावायला."

"थे आबा ठरोतीन."

तेवढ्यात हरीओम येऊन गेला. त्याला कुठून तरी कळलं होतं की वाचनालयात करीला काहीतरी आहे. तो आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला. "सर, खोली पंचायतीची हाये, बरं काय. पुस्तकं वाचाले देल्ली. तुमी शांत मानूस, तुमाले कोनी कायी म्हनलं नाही आतापावतर." मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. जाता जाता म्हणाला, "सनासुदीले तमाशे नोको."

किल्ली माझ्या खिशात होती आणि मी ती मुठीत घट्ट धरली होती. ती काढून द्यावी, म्हणजे सगळंच सुटेल, असं मला वाटलं होतं. हे मी पुंजाजीला दुसऱ्या सकाळी सांगितलं. हरीओमचं आणि माझ्या भीतीचंही. लोक हसतील, हे मी तीनदा तरी बोललो असेन.

त्यानं पेपरची घडी घातली.

"हसत तं आलेच हायेत. साठ-पासष्ट सालं झाले, हसून राह्यले. कोनाले हसून राह्यलो थे मालूम नाही त्याईले. मालूम पडू द्या. मंग हसाचं असन तं हसू द्या."

"अन् तुम्ही? वावरात जाल त्या दिवशी?"

"बाप दारात उभा राह्यला होता, सांगतलं ना तुमाले." तो उठला. "मी इथंच बसतो. माह्या जागेवर. पेपर तं येतेच ना करीले?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर येत नाही हे मला ठाऊक होतं. तरी पेपर येतो, असंच मी म्हणालो.

फोटो वाशीमला छापून आले. छापणाऱ्यानं म्हणे सुकेशनीला विचारलं होतं, बाबांचा चेहरा थोडा उजळून देऊ का, पैसे लागणार नाहीत. ती तिथं उभी राहिली आणि छापून होईपर्यंत हलली नाही. पोळ्याच्या संध्याकाळी, गाव बैलांच्या मागे होतं तेव्हा, आम्ही ते दाराच्या समोरच्या भिंतीवर टांगले. खाली नावं लिहिली. गणेशचं, आणि पुंजाजी सटवाजी. अक्षर तिनं काढलं.

"गणेशला सांगितलंस का?" मी विचारलं.

ती खिळ्याकडे पाहत म्हणाली, "फोटो लावाले तो हाव म्हने. बाजूले कोनाचा लावनार थे त्यानं इचारलं नाही."

"हे बरं नाही, सुकेशनी."

"नाही," ती म्हणाली. "सकाळी येनार हाये तो पाहाले. मी सांगीन त्याले. तो म्हनन काढ, तं काढीन."

*

गणेश सकाळीच आला, मिरवणुकीच्या आधी. काजळीची वाटी हातात होती, तोंड अजून स्वच्छ. पुंजाजी त्याच्या जागेवर बसला होता, समोर कालचाच पेपर. चष्मा घातलेला नव्हता. मला वाटलं, विसरला असेल. मग टेबलावर चष्म्याची बंद डबी दिसली.

सुकेशनी काही बोलायच्या आत गणेश फोटोंपुढे जाऊन उभा राहिला. आधी स्वतःकडे पाहिलं, खूश झाला. मग शेजारी पाहिलं आणि खदखदून हसला.

"आबा, तुमीबी? वा बाप्पा. माह्यापेक्षा भारी केलं तुमी. हे तोंडाचं कसं काय जमोलं?"

ज्या हसण्याला मी इतके दिवस भीत होतो ते असं आलं, प्रेमानं. गणेशला वाटलं की म्हाताऱ्यानं त्याची नक्कल केली आहे. मी कपाटाला टेकलो. सुकेशनीच्या हातात फोटो टांगून उरलेली दोरी होती, ती तिनं बोटाभोवती करकचून गुंडाळली.

"म्या नाही केलं, बापू," पुंजाजी म्हणाला. "असाच हाये तो."

गणेश त्याच्याकडे वळला. हसू तोंडावर तसंच होतं, कारण अजून त्याला काही कळलं नव्हतं. पुंजाजी त्याच्याकडे पाहत होता, एका उघड्या आणि एका लोंबत्या डोळ्यानं, मान उजवीकडे कललेली. गणेशनं फोटोकडे पाहिलं, मग परत माणसाकडे. त्याचा हात नकळत स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे गेला.

"हरीओमकाका म्हने का राक्षसाचा अस्ते."

"माह्या बापाचा अस्ते."

सुकेशनी म्हणाली, "गणेश, मी सांगनार होती तुले. तुहा फोटो काढाचा असन तं काढतो आता."

तो दारापर्यंत गेला, वाटी विसरली म्हणून परत आला, वाटी उचलली आणि गेला. काढ म्हणाला नाही, ठेव म्हणाला नाही. तो कुठं गेला, घरी की पारावर की थेट काकाकडे, हे दारातून दिसत नव्हतं. मी दार लावून घेऊ का असं विचारलं. पुंजाजी म्हणाला, "उघडं राहू द्या. वारा येते."

मग पारावर डफडं वाजायला लागलं.

वाजत वाजत ते जवळ येत असतं. पहिल्यांदा कस्तुराबाईच्या गल्लीत, मग पिठाच्या गिरणीपाशी. प्रत्येक दाराशी डफडं थांबायचं, 'जोहार' व्हायचं, ओरडा व्हायचा आणि परत सुरू. म्हणजे कोणीतरी येसकर होता. गणेश आहे की दुसरा कोणी उभा केला, हे आवाजावरून कळेना, कारण तो आवाज प्रत्येक जण सारखाच काढतो. मी तीन वेळा पाणी प्यायलो. सुकेशनीनं कॅमेरा हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

"नाही काढणार?" मी विचारलं.

"मोबाईल तं सारेच धरतीन. आज मी नुसती पाहीन."

गिरणीपासून पुढे ओरडा कमी होत गेला. माझे कान खराब आहेत असं मला आधी वाटलं. मग वळणावर घोंगडी दिसली.

गणेशच होता. काजळी फासलेली, गळ्यात मडकं, अंगावर राख. मान सरळ होती आणि दोन्ही डोळे उघडे. त्या काळ्या तोंडावर दोन उघडे डोळे फार विचित्र दिसत होते. सोंग तेच होतं, पण हसायची जागा सापडत नव्हती. मागचे लोक त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून चालत होते. बाया हातात भाकर घेऊन दारात उभ्या होत्या आणि टाकू की नको अशा एकमेकींकडे पाहत होत्या.

"डोया झाक ना बे," कोणीतरी म्हणालं.

हरीओम पुढे आला. तो रागावलेला कमी आणि घाबरलेला जास्त दिसला. "गणेश, शीव अजून दूर हाये. झाक डोया. सोयाबीनवर आधीच पिवळा रोग पडून राह्यला, गावात पीडा ठेवतं काय?"

"नाही झाकल्या जात, काका."

"काहून नाही झाकल्या जात? काल तं झाकून दाखवत होता."

गणेश वाचनालयाच्या पायरीसमोर थांबला होता. इथं त्याला 'जोहार' म्हणायचं असतं. दरवर्षी इथं म्हणतात आणि मी खिडकी लावून घेतो. तो म्हणाला नाही. त्यानं फक्त आत बोट दाखवलं. "आत जाऊन पाहा. मंग सांगा कोनाचा झाकू."

आधी दोघा-तिघांनी दारातून डोकावलं. मग हरीओम चपला काढून आत आला, त्याच्या मागे आणखी दहा-बारा जण, आणि काठी टेकत कस्तुराबाई. खोली भरली. मी कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये उभा होतो. इतकी माणसं या खोलीत पुस्तकांसाठी कधी आली नव्हती, असला निरर्थक विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला.

त्यांनी फोटो पाहिले, नावं वाचली. मग एकेक करून त्यांच्या लक्षात आलं की टेबलाच्या खालच्या टोकाला तो माणूस बसलेला आहे.

कस्तुराबाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. "हा तं सटवाजी," ती हळूच म्हणाली. "मी सासरी आली त्या साली वेशीवर उभा राह्ये. थोच हा." ती फोटोकडे पाहत म्हणाली, पण कोणत्या फोटोकडे, ते मला कळलं नाही. तिच्या नातवाच्याही असेल.

आणि मग एक जण हसला.

मागच्या रांगेतला तरणा पोरगा, मला नाव आठवलं नाही. मोठ्यानं नाही, नाकातून, जसं वर्गात निसटतं तसं. आता दुसरा हसेल, मग तिसरा, हे मी वर्गात आयुष्यभर पाहिलं आहे. सुकेशनीनं डोळे मिटले. हरीओमनं मागे वळून पाहिलं.

दुसरा हसला नाही. पण अजून हसू शकत होता, खोली तशी होती.

पुंजाजी उठून उभा राहिला. त्याला वेळ लागला, टेबलाला हात टेकावा लागला. त्यानं त्या पोराकडे पाहिलं आणि गावात कोणताही म्हातारा विचारतो तसं विचारलं, "कोनाचा रे तू?"

पोरगा गांगरला. अशा प्रश्नाला गावात एकच उत्तर असतं आणि ते आपोआप येतं. त्यानं बापाचं नाव सांगितलं. सांगताना डोक्यावरची टोपी काढली.

"हेमसिंगचा. मोठा झाला की," पुंजाजी म्हणाला. "बापाले सांग, पुंजाजीनं इचारलं म्हनून."

"हाव, आबा," पोरगा म्हणाला.

पुंजाजी परत बसला आणि कालचा पेपर पुढे ओढला. मग दाराजवळचे आधी बाहेर पडले. कस्तुराबाईनं हातातली शिळी भाकर परत ओच्यात बांधली. हरीओम माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, सोमवारी किल्ली घेऊन पंचायतीत या. बोलाचं हाये." काय बोलायचं आहे हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

बाहेर डफडंवाला गणेशकडे पाहत उभा होता, वाजवू की नको या विचारात. गणेश पायरीवर बसला होता. त्यानं गळ्यातलं मडकं काढून बाजूला ठेवलं होतं.